भूगोलाची सीडी

कमलाकर : ही बघ, हीच घरघर. घरीही अशीच येते. म्हणून अख्खा सीपीयू रिक्षात घालून तुझ्या दुकानात आणला.

कीर्ती : बरं केलंत काका. किती वर्षं वापरली नाही ही ड्राइव्ह?

कमलाकर : नऊ. आमची ही गेल्यापासून कुणी हातच लावला नाही.

कीर्ती : मग लेन्सवर धूळ बसली असणार. सीडी नीट वाचता आली नाही की आवाज असा फाटतो. थांबा, पुसून घेते. आहे काय हिच्यात?

कमलाकर : सातवीचा भूगोल.

कीर्ती : भूगोल?

कमलाकर : नीता, म्हणजे माझी बायको, अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. नवीन पनवेलच्या घरात, गाद्यांच्या कपाटाकडे तोंड करून बसायची. तिथे आवाज घुमत नाही म्हणे. अकरा पुस्तकं केली तिने. सगळ्या सीडी संस्थेकडे गेल्या आणि पुढे ती संस्थाच बंद पडली. ही एकच परत आली होती. ‘आवाज स्पष्ट नाही, पुन्हा वाचावे’, अशी चिठ्ठी लावून.

कीर्ती : मोबाइलवर वगैरे नाही का काही त्यांचं?

कमलाकर : आहे, पण ते आजारपणातलं. आभा, आमची मुलगी, पुण्याला असते. परवा फोनवर म्हणाली, बाबा, मला आईचा आवाज आठवेनासा झालाय. म्हणून ही शोधून काढली.

कीर्ती : झालं पुसून. आता ऐका.

(सीडी सुरू होते. थोडा वेळ दोघंही ऐकत राहतात.)

कमलाकर : घरघर गेली.

कीर्ती : हो, ती गेली. पण शब्द...

कमलाकर : चिकटल्यासारखे येतायत. तेव्हाही असेच यायचे. ड्राइव्हच बदलून टाक तू.

कीर्ती : माझ्या ड्राइव्हमध्ये लावून बघते आधी. नाही, इथेही तसंच. कॉम्प्युटरवर कॉपी करून वाजवते. काका, तरी तसंच.

कमलाकर : मग माईक. माईकचाच दोष. मी तेव्हाच म्हणत होतो. नवीन आणूनही दिला, तरी तेच. तीनदा वाचलं तिने पुस्तक, ही तिसऱ्या वेळची सीडी. तिसऱ्या वेळी मी जरा चिडलोच. म्हटलं, जीभ उचलून बोल की जरा, मुलांना कळायला नको?

कीर्ती : हा शेवटचा धडा ऐका. ‘सह्याद्री’ हा एकच शब्द त्या चार-पाच वेळा म्हणतायत. आणि मागे कुकरची शिट्टी झाली, ती किती स्वच्छ आली बघा. आता ही मुलगी बोलतेय ना...

कमलाकर : आभा. नुकतीच नववीत गेली होती.

कीर्ती : तिचा शब्द न् शब्द कळतोय. ‘आई, तू आज अशी का बोलतेस?’ माईक तोच, सीडीही तीच.

कमलाकर : परत लाव.

कीर्ती : काका, माईकला काही झालं नव्हतं. बसा तुम्ही. पाणी देऊ का?

कमलाकर : तारीख काय आहे त्याच्यावर?

कीर्ती : तेवीस जून, दोन हजार तेरा.

कमलाकर : डॉक्टरांनी पुढच्या मार्चमध्ये निदान केलं. नसांचा आजार होता. जिभेपासून सुरू झाला, मग हात, मग गिळणं. बोलण्यात फरक कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं, महिना झाला असेल. नीता शेजारीच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं फक्त.

कीर्ती : मुलीला त्या पुढे काहीतरी उत्तर देतायत. मी दोनदा ऐकलं, मला कळलं नाही.

कमलाकर : आवाज मोठा कर जरा.

कीर्ती : कळलं तुम्हाला?

कमलाकर : हो. शेवटची दोन वर्षं ती काय म्हणतेय ते मीच सांगायचो सगळ्यांना. नर्सला, डॉक्टरांना, तिच्या बहिणीला.

कीर्ती : काय म्हणाल्या?

कमलाकर : म्हणतेय, ‘बाबांना नको सांगूस. त्यांनी हौसेने नवीन माईक आणलाय.’

कीर्ती : आणि आभाताईंनी कधीच...?

कमलाकर : नाही. चौदा वर्षांची पोर. आईने सांगितलं नको, म्हणजे नको.

कीर्ती : सगळे धडे पेन ड्राइव्हवर घालून देते मी. हा शेवटचा तुकडा तेवढा कापू का? ताईंना त्रास होईल ऐकताना.

कमलाकर : नको.

कीर्ती : नक्की?

कमलाकर : राहू दे तो. घरात एकीने तरी विचारलं होतं तिला.