पाय उचलू नका, साहेब

—नाही नाही, आता पंप करत राहायचं नाही. हळू दाबा, दाबून धरा, आणि मी 'सोडा' म्हणेपर्यंत पाय उचलू नका. बोलायचं काम मी करतो, गाडीखाली पडलं की मला गप्प बसवतच नाही. हां — निप्पल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, ढिला करतोय, पाय खाली जाईल, जाऊ द्या… गेला? धरा तसाच. बंद केला. सोडा आता. निप्पलला नळीनं जोडलेल्या बाटलीत बुडबुडे किती आले बघायला हवे होते तुम्ही. हीच ती हवा. पेडल मऊ लागतंय म्हणालात ना — तेलाच्या जागी हवा दाबली जाते, म्हणून पाय आत आत जातो आणि गाडी आपली चालतेच आहे. मघाशी पंप करायला का लावलं? पंप केल्यावर पेडल कडक झालं, म्हणजे आत हवा आहे हे नक्की. मग ती शिरली कुठून? मागचं डावं चाक आतून ओलं होतं, सिलिंडरचं रबर गेलेलं. सिलिंडरच नवा बसवला, लायनर नवे टाकले, आता हवा तेवढी काढायची — उघडलं ते हेच चाक, तेव्हा इथूनच. दाबा.

हे पेडल दाबायचं काम खरं तर बकुळाचं, माझ्या बायकोचं. गॅरेज टाकलं तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या सीटवर ती, खाली मी. तिच्या पायाला कळायचं, साहेब. वरूनच सांगायची, 'अजून मऊ आहे, आणखी एकदा काढा.' मी तपासायच्या भानगडीत पडायचो नाही. सोडा. आता तिला वेळ कुठे असतो? स्वतःची व्हॅन चालवते, तलासरी ते उधवा, शेअर गाडी. लायसन काढलं तेव्हा लोक हसले — मीही हसलो थोडा, कशाला खोटं बोलू — पण आता बाजारच्या दिवशी बायका तिच्यासाठी बाकीच्या गाड्या सोडून थांबतात. दाबा. धरा.

तर दिवाळीनंतरची गोष्ट. उधव्याच्या अलीकडचा तो उतार माहीत असेल तुम्हाला. गाडी भरलेली, पुढच्या सीटवर बायजी म्हातारी, मांडीवर सुक्या बोंबलांची टोपली — आणि बकुळानं ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला. पुढच्या चाकाची नळी घासून घासून फुटली होती. काय केलं असेल तिनं? ओरडली नाही. गिअर खाली खाली पाडत आणला, हँडब्रेक एकदम नाही, थोडा थोडा ओढला, आणि कापणी झालेल्या शेतात गाडी घातली. थांबली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, बोंबील तेवढे गाडीभर. सोडा, सोडा, पाय दुखला असेल. मग तिनं काय करावं? रघ्याला, म्हणजे गाडीतल्याच एका माणसाला, येणाऱ्या मोटरसायकलवर बसवून तलासरीला पिटाळलं, स्पेअरच्या दुकानातून नळी मागवली, स्वतः बसवली, रघ्याला सीटवर बसवून हवा काढली आणि सगळ्यांना घरी पोचवून आली. संध्याकाळी मला जेवायला वाढलं. एक शब्द नाही.

मला कळलं दुसऱ्या दिवशी, मुकेशच्या वडापावच्या गाडीवर. अख्ख्या तलासरीला ठाऊक, नवऱ्याचं गॅरेज आहे त्या नवऱ्यालाच नाही. आणि पेडल दाबायला कोण, तर रघ्या! दाबा. घरी येऊन विचारलं, 'मला फोन का नाही केलास?' म्हणाली, 'केला असता तर तुम्ही आला असता.' म्हटलं, 'मग येऊ नये का मी?' तर म्हणते, 'तुम्ही आला असता आणि चावी घेऊन गेला असता.' आता सांगा — नको, तुम्ही धरून ठेवा, मीच सांगतो. मी तिथल्या तिथं चावी खिशात घातली. म्हटलं, उद्यापासून मी चालवणार.

चालवली की. प्रत्येक थांब्यावर एकच, 'बकुळा कुठं हाय?' हिरू नावाची एक बाई तर मला बघून खालीच उतरली, मागच्या गाडीनं येते म्हणाली. बायजी बसली, पण टोपली घट्ट धरून. आणि तो उतार आला. ब्रेक सकाळी मीच बघितलेले, पेडल दगडासारखं कडक. तरी वर गाडी उभी केली मी. पाय उचलेनाच, साहेब. समोर ते शेत दिसत होतं, चाकांच्या खुणा अजून तशाच, आणि त्या खुणांपासून खाली ओढा किती जवळ आहे ते मला तेव्हा दिसलं. तोपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं. बायजी म्हणाली, 'बकुळा हितं थांबत नाय रे.' संध्याकाळी घरी येऊन चावी तिच्या हातात दिली. तिनंही घेतली.

सोडा. आता दाबून बघा — अर्ध्यातच अडतंय ना? झालं. तेल भरतो, चाक चढवतो, मग आधी इथंच मैदानात हळू चालवून ब्रेक मारून बघा.

खानवेलला चाललात ना? म्हणजे उधव्यावरूनच. वाटेत पांढरी व्हॅन दिसेल, मागे निळी ताडपत्री. दिसली तर थोडा वेळ मागे राहा तिच्या. उतारावर ब्रेकचा दिवा कसा लागतोय, गाडी एका बाजूला ओढत तर नाही ना, एवढं बघा आणि मला फोन करा. काच खाली करून तिच्याशी बोलू नका. मी पाठवलंय म्हणून तर मुळीच सांगू नका.

अहो, काही झालं नाहीये तिच्या गाडीला. सहज म्हटलं. निघा तुम्ही, उशीर होतोय.