सिंहासनाला सासरा असतो

...नाय, पाठीचं मी काही बोलतच नाय. पाठ आहे, दुखणारच, दुसरं काम काय तिला? पण गुडघे? या मॉडर्न नाटकात गुडघ्यांचा विचार कुणी केलाय का? तुम्ही लोक येता, ऐसपैस बसता, नाटक संपलं की दाराशी चहा घेता आणि एकमेकांना सांगता, नेपथ्य बरं होतं बरं का! बरं होतं? अहो, ते नेपथ्य मी होतो!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. असं मधूनच सांगितलं की लोकांना वाटतं, माणूस बहकला.

मी बद्रीनाथ. गाव लासूर स्टेशन, नोकरी इथं शहरात, कारकुनाची. पण ती आपली पोटापुरती. मूळचा मी राजा. हसू नका! आमच्या गावच्या यात्रेत दरसाल नाटक बसतं आणि राजा कोण, हा सवालच निघत नाय. आवाजच तसा आहे. मला बघितलं की माईकवाला वायर गुंडाळायला लागतो. मी "कोण आहे रे तिकडे" म्हणलं, की खरोखर तिकडं जो कुणी असंल तो उठून उभा राहायचा. एकदा तर रेल्वे फाटकावरचा माणूस पळत आला होता, काय झालं म्हणून.

तर असा मी, आणि असे माझे सासरे. काकासाहेब, वैजापूरचे, कांद्याचे आडते. चांगला माणूस, पण नाटकाचं भारी वावडं. लग्नाच्या बैठकीत त्यांनी मला विचारलं, नोकरी सोडून आणखी काय करता? मी आपला हौसेनं सांगितलं, राजाचं काम करतो. तर मांडी बदलली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ते कमी करा."

झालं. तेव्हापासून त्या माणसानं मला कधी जावई म्हणून हाक मारली नाय. लासूरवाले! "लासूरवाले आले का?" "लासूरवाल्यांना चहा द्या." आता अधिक महिन्यात जावयाचा काय थाट असतो ते तुम्हाला मी सांगायचं का? साक्षात नारायण! सासूबाई, म्हणजे आमच्या चतुराबाई, लई मायेच्या. धोंड्याचं जेवण घालतात, अनारसे तळतात, तांब्याच्या ताटात दिवा ठेवून वाण देतात. पण नारायण पाटावर टेकला रे टेकला की सासरे पायांत वहाणा सरकवून मोंढ्यात, बाजारात! त्या वहाणांचा आवाज ऐकत मी किती अधिक महिने जेवलो असेन... माझ्या मनात एकच होतं हो. या माणसानं एकदा, नुसतं एकदा, मला राजा झालेलं डोळ्यानं बघावं. मग खुशाल म्हणा लासूरवाला.

आणि तशात तो मल्हार आला.

हा पोरगा दौलताबादकडचा, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला. दिल्लीला नाटक शिकायला गेला तेव्हा मल्हारी होता, परत आला तो मल्हार होऊन. हुशार बरं का, त्यात खोट काढायची नाय. त्यानं इथं नाटक बसवायला काढलं, राजा आणि प्रजा असा विषय. मी म्हणलं, आपली वेळ आली! गेलो. दारातूनच आवाज दिला, "कोण आहे रे तिकडे!" पोरगं खूश. माझ्याभोवती एक चक्कर मारली, दुसरी मारली, मग पाठीमागं उभं राहून पाठीवरून हात फिरवला. बाजारात बैल घेताना फिरवतात ना, तसा. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं! पण तो डोळे मिटून म्हणाला, "बद्रीकाका... हे अख्खं नाटक तुमच्यावर असणार आहे."

मी घरी पेढे घेऊन गेलो. तुम्ही नसता गेला?

दुसऱ्या दिवशी तालमीला गेलो तर राजा म्हणून ऋतुजा. एम.ए. करणारी पोरगी, पंखा जोरात लावला तर धरून ठेवावं लागंल एवढीशी. मी म्हणलं ही राणी असंल. नाय! राणी म्हणजे बँकेतला कडूबा जाधव, मिशीसकट. मी विचारलं, बाबा रे, मिशी? तर मल्हार म्हणतो, "मिशी म्हणजे राणीचं मन आहे काका." बरं. प्रधानाचं काम तिघांत मिळून एक. आणि घोडा कोण? कुणीच नाय! घोडा म्हणे त्याच्या नसण्यातून दिसणार. मी म्हणलं, दिसंल बाबा, तुझ्या दिल्लीत दिसत असंल. आणि मी कोण?

"काका, तुम्ही सिंहासन."

मी हसलो. म्हणलं, म्हणजे सिंहासनावर बसायचं. तर नाय, व्हायचं! दोन हात टेकून, दोन गुडघे टेकून, पाठ सपाट, अंगावर सोनेरी कापड आणि वर ऋतुजा. "सत्ता नेहमी कुणाच्या तरी पाठीवर बसलेली असते काका." खोटं कशाला सांगू, मला ते पटलं. शंभर टक्के पटलं. पण मग ती पाठ माझीच कशाला? म्हणलं, एवढा आवाज दिलाय देवानं, एखादं तरी वाक्य दे, बारकंसं. त्यानं परत डोळे मिटले.

"काका... सिंहासन बोलत नाही."

ऐकलंत? सिंहासन बोलत नाही! मग काय, तालमी सुरू. ऋतुजा वर बसून तलवार फिरवायची, मूठ माझ्या बरगडीत. सिंहासन बोलत नाही. कडूबा यायचा, चहाचा कप माझ्या कमरेवर ठेवून मिशीला पीळ भरायचा, आणि चहा कसा? उकळता! सिंहासन बोलत नाही. मी जरा मान वर केली की लाइटवाले मुनीरभाई वरून ओरडायचे, "बद्रीमामू, मुंडी नीचे! तख्त कू मुंडी नक्को!"

तुम्ही म्हणाल, सोडून का नाय दिलं? कसं सोडणार? पेढे वाटलेले! आमच्या आशानं, म्हणजे बायकोनं, वैजापूरला फोन लावून टाकलेला. तिनं मला विचारलं होतं, राजाचंच काम ना? मी म्हणलं, राजाच्या अगदी जवळचं. आता यात खोटं काय आहे? माझ्याहून जवळ कोण होतं राजाच्या? आणि चार दिवसांनी ती नाचतच आली, अहो, दादा येतायत! दादा म्हणजे तिचे वडील, आमचे काकासाहेब! कांद्याचा बाजार सोडून! अधिक सुरू होता, तर सासूबाईंनी त्यांना म्हणे दम दिला, यंदा जावयाचं वाण तिकडंच जाऊन देऊ, त्यांचं नाटकबी बघू, तुम्ही नुसते गुमान बसा.

इतकी वर्षं मागितलं ते देवानं दिलं, आणि कधी दिलं बघा! मी रांगत असताना!

बरं, नाटक कुठं? चिकलठाण्याला एमआयडीसीतलं बंद पडलेलं शेड. स्टेज नाय, पडदा नाय, खुर्च्या नायत. चारी बाजूंनी जाजम, त्यावर लोक, मधल्या मोकळ्या जागेत आम्ही. आणि मल्हारनं सुरुवातीलाच उभं राहून सांगितलं, "इथं तुमच्या-आमच्यात भिंत नाही. आतून वाटलं तर उठा, बोला, या नाटकात या." आता मला सांगा, हे असं लोकांना सांगायचं असतं का? पुण्याच्या माणसाला सांगा, तो मान हलवंल आणि बसून राहील. वैजापूरच्या आडत्याला सांगायचं?

सुरू झालं. मी कापडाखाली. मला दिसतंय काय, तर फक्त जमीन आणि पुढच्या रांगेतल्या, मांडीशेजारी काढून ठेवलेल्या वहाणा. ओळखीच्या वहाणा! हाताच्या अंतरावर! आणि वरून आवाज, आमच्या सासऱ्यांची कुजबुज म्हणजे मोंढ्यात लिलाव पुकारल्यासारखी. "लासूरवाले कवा येणार?" आशा म्हणती, येतील, दम धरा. प्रधान आले तिघं. "ह्यातले कोणते?" नायत हो. राणी आली. "हे व्हय?" नाय, ह्यांच्या मिशा जास्त हायेत. मग घोड्याचा प्रवेश. कुणीच आलं नाय, सगळे रिकाम्या जागेकडं बघायलेत, आणि सासरे म्हणतात, "हे तर नसतील ना?"

मला हसू यायलंय, रडू यायलंय, वर ऋतुजा पाय हलवत भाषण करायली... आणि तेवढ्यात आशा. हळूच. "अगं बाई... टाचा तर ह्यांच्याच दिसतात."

टाचा! रोज रात्री हीच बोंबलत असती, टाचांना तेल लावा, भेगा बघा कशा पडल्यात. मी बोटं आत ओढली, पण टाचा कुठं नेणार?

मग समोरच्या वहाणांत पाय शिरले. मी म्हणलं, संपलं. निघाले मोंढ्यात.

पण त्या वहाणा दाराकडं नाय वळल्या हो. त्या माझ्याकडं आल्या.

"ए पोरी," सासरे म्हणाले, "ऊठ."

आता ऋतुजा काही कच्ची नाय. नाटकात भिंत नाय हे तिला तोंडपाठ. ती तलवार रोखून म्हणाली, "राजाला ऊठ म्हणणारा तू कोण?"

"मी सासरा."

"कुणाचा?"

"तू ज्याच्यावर बसलीस, त्याचा. अधिक चालू हाय. ह्या महिन्यात जावई म्हंजे नारायण असतो, त्याच्यावर बसती व्हय? ऊठ. जावई हाय त्यो माझा."

जावई हाय त्यो माझा! तुम्हाला सांगतो, त्या कापडाखाली माझे डोळे भरून आले. चारशे माणसांत राजा झालो होतो गावाकडं, पण असं कधी वाटलं नव्हतं. टपटप पाणी पडायलं जमिनीवर. बोलावं वाटलं, दादा म्हणावं वाटलं... पण सिंहासन बोलत नाही!

तोवर चतुराबाई पण आत. पिशवीतून डबा काढला, माझ्या तोंडावरचं कापड बाजूला केलं, कपाळाला कुंकू लावलं आणि अनारसा थेट तोंडात. सिंहासन बोलत नाही हे मला सांगितलेलं होतं, सिंहासन खातं का नाय, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी खाल्ला! सासऱ्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवून माझ्या डोक्यावर ठेवला आणि सोनेरी कापड माझ्या खांद्यावर नीट केलं. वरून मुनीरभाईंनी काय केलं असंल? सगळा लाइट माझ्यावर! तख्ताला मुंडी आली ती आली, वर फेटा पण आला!

आणि लोक उभे राहिले. टाळ्या थांबंनात. झोळीवाला एक जाडा माणूस रडत रडत शेजारच्याला सांगत होता, सत्तेच्या उतरंडीला नात्यानं दिलेला हा तडा आहे, तडा. कडूबा मिशीवरून डोळे पुसायला लागला. नसलेला घोडा सुद्धा हजर झाला असंल त्या वेळी, मी काही शपथ घेऊन नाय म्हणणार नाय.

मला वाटलं, आता सुटलो. सासऱ्यांनी उठवलंय, परत कोण बसवतंय? घामानं भिजलेला मी बाहेर चहा घेत होतो, तर मल्हार आला. मी वाट बघतोय, म्हणंल, काका, पुढच्या वेळी तुम्ही राजा. तो माझ्यासमोरून गेला. सरळ गेला सासऱ्यांकडं. त्यांचे दोन्ही हात धरले, डोळे मिटले.

"दादा... तुमच्यासारखा राजा मी दिल्लीपासून शोधतोय."

मी मनात म्हणलं, पोरा, मेलास. नाटकाचं नाव काढलं की हा माणूस जेवण टाकून जातो, आता बघ तुझं काय करतो. सासऱ्यांनी त्याच्याकडं बघितलं. मग शेडच्या दाराकडं बघितलं, तिथं अजून दोन-चार पोरं मोबाइलवर त्यांचा फोटो काढत उभी होती. गळ्यातलं उपरणं नीट केलं. आणि म्हणाले, "बाजाराचा दिवस सोडून कवाबी बोलवा."

आता माझ्यावर कोण बसणार, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. पण सासऱ्यांनी स्वतःच विषय काढला. जवळ आले, पाठीवर हात ठेवला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, हो, पहिल्यांदा म्हणाले, "जावईबापू, काळजी करू नका. अधिक संपेस्तोवर मी तुमच्यावर बसणार नाय. पाप लागतं."

अधिक परवा संपला. उद्या प्रयोग आहे. सासरे चांगले भरदार आहेत, कांद्याच्या गोणीला गोणी. आणि पुढचा अधिक, तुम्हाला माहितीच आहे, तीन वर्षांनी.