एकेचाळीस नंबर

आबा : म्हणजे तू आत्ता एकटी आहेस?

सानवी : हो आबा. ते गेले. दोन्ही गाड्या गेल्या.

आबा : विमल, तो मिक्सर बंद कर जरा. सानूचा फोन आहे.

आजी : सानू? या वेळेला? अगं, सुट्टीत फिरायला गेलीस ना तू मैत्रिणींबरोबर?

सानवी : आजी, मला विसरून गेले गं सगळे. तळ्याकाठी गाड्या थांबवल्या होत्या. मी बाथरूमला गेले आणि बाहेर आले तर कोणीच नाही. बाबांना लावला, ते प्लांटमध्ये आहेत.

आबा : उन्मेषचा फोन कोयलीच्या रिफायनरीच्या गेटवर जमा असतो. इथले दोन वाजेपर्यंत मिळायचा नाही.

सानवी : आई पण उचलत नाहीये. तास चालू असेल तिचा.

आजी : अहो, पण विसरतात कसे? अख्खं माणूस?

सानवी : मी कुशलच्या गाडीत होते सकाळपासून. मग त्याच्याशी भांडले आणि म्हटलं, आता मी अवंतीच्या गाडीत बसणार. कुशलला वाटलं असेल मी तिकडे आहे. अवंतीला मी सांगितलंच नव्हतं.

आबा : भांडलीस कशावरून?

सानवी : लीलो चिवडा, तो बटाट्याचा ओला. आजीने दिलेला. पूर्ण पाकीट संपवलं त्यांनी, मी पुढे झोपले होते तेव्हा. वर कुशल म्हणतो, करजणला आमच्याकडे याच्याहून चांगला मिळतो.

आजी : अगं, मी आणखी पाठवला असता. दोन किलो पाठवला असता.

आबा : विमल, राहू दे ते. सानू, इथे साडेनऊ झाले, तिकडे किती वाजले?

सानवी : चार वाजून पाच मिनिटं. त्यांना जाऊन पन्नास मिनिटं झाली. पुढचं गाव दीड तासावर आहे, आणि मध्ये डोंगरात रेंजच नाही. दोघांना मेसेज टाकलेत, एकच टिक येतेय.

आबा : म्हणजे सव्वातीनला निघाले. पावणेपाचला गावात उतरतील, तेव्हा कळेल. लगेच मागे फिरले तरी दीड तास. सव्वासहा.

सानवी : इथे पाच-सव्वापाचला अंधार होतो, आबा. जुलै म्हणजे थंडी असते या देशात.

आजी : अंगात काय आहे तुझ्या?

सानवी : स्वेटर. जॅकेट कुशलच्या गाडीत. वारा खूप आहे गं.

आजी : मग त्या बाथरूमला दार आहे ना? आत जाऊन बस. घाण असू दे, नाक धर.

सानवी : स्वच्छ आहे. पण आतमध्ये रेंज जाते.

आबा : तिथे दुसरं कोणी नाही का? दुकान, चौकीदार, कोणी?

सानवी : कोणी नाही. नुसतं तळं आणि डोंगर. एक म्हातारं जोडपं आलं होतं, मोठी गाडी होती त्यांची, आत पलंग, ओटा सगळं. त्या बाई म्हणाल्या, चल, गावात सोडतो तुला.

आबा : मग?

सानवी : मी नाही म्हटलं.

आजी : बरं केलंस. अनोळखी माणसांच्या गाडीत बसायचं नाही.

आबा : कधी गेले ते?

सानवी : अर्धा तास झाला. चांगले होते, आबा. दोनदा विचारलं. मला चहा पण दिला.

आबा : मग गेली का नाहीस?

सानवी : तुम्हीच सांगितलंय ना.

आबा : मी?

सानवी : पावागढच्या सहलीत. तुमच्या वर्गाची चाळीस मुलं आणि मी सहा वर्षांची, मागे लागून आलेली. तुम्ही सगळ्यांना नंबर दिले होते आणि मला एकेचाळीस. दर टप्प्याला आपापला नंबर ओरडायचा. आणि म्हणाला होतात, चुकलात तर जिथे आहात तिथेच उभं राहायचं. कोणी काहीही म्हणो, हलायचं नाही. मी येईन.

आजी : आणि चुकली होती ही. फुग्यावाल्यापाशी.

सानवी : लिंबू सरबतवाल्यापाशी. एक काकू म्हणाल्या, चाल बेटा, उपर मूकी जाऊं, वर सोडते तुला. तेव्हाही मी नाहीच म्हटलं होतं. खांब धरून उभी राहिले आणि तुम्ही आलात.

आबा : सानू, मी तेव्हा दोनशे पायऱ्या वर होतो. चाळीसवर आकडे थांबले, तसा उतरलो.

सानवी : माहितीये.

आबा : ते मी येणार होतो म्हणून होतं, बाळा.

सानवी : आमच्यात कोणी नंबर घेतलेच नाहीत, आबा. घेते म्हटलं असतं तर हसले असते सगळे.

आबा : फोन किती चार्ज आहे?

सानवी : सात टक्के.

आबा : मग आता माझं ऐक. हा फोन ठेव आणि तिथला पोलिसांचा नंबर लाव. पहिल्यांदा जागेचं नाव सांग.

सानवी : पण भाड्याच्या गाडीच्या कागदावर कुशलचं नाव नाहीये. त्याचं वय कमी पडलं, तरी तोच चालवतोय. पोलीस आले तर तो अडकेल.

आजी : अडकू दे मेल्याला! चिवडा खाल्ला आणि पोरीला टाकून गेला.

आबा : कुशलचं नंतर बघू. तू लाव.

सानवी : लावते. आबा, आणि तेवढ्यात दुसरी एखादी गाडी आली तर? बसू का?

आजी : अजिबात नाही!

आबा : विमल, थांब.

सानवी : सांगा ना. बसू, की थांबू?

आबा : मला सांगता येत नाही, सानू.

सानवी : तुम्ही असं कधी म्हणत नाही.

आबा : इथून दिसत नाही मला काही. कोण येईल, कसा असेल... तू त्याचं तोंड बघशील, मी नाही. तुझं तू ठरव.

सानवी : आणखी एकच मिनिट बोला ना.

आबा : नको. सहा टक्के झाले असतील.

सानवी : पाच.

आबा : ठेव. पोलिसांशी बोलणं झालं की एक ओळ लिही. फोन करू नकोस.

सानवी : बरं. आवजो आबा. आजी, आवजो.

आजी : अगं, कान झाकून घे! ओढणी, रुमाल, काहीतरी... सानू? गेली. अहो, तुम्ही ठेवायला का लावलात?

आबा : बोलत राहिलो असतो तर तोही चार्ज संपला असता.

आजी : तिला धीर तरी आला असता.

आबा : धीर मलाच हवा होता, विमल.

आजी : उन्मेषच्या गेटवर लावू का फोन? निरोप देतील.

आबा : लाव. तो तरी काय करणार, पण लाव.

आजी : लागत नाहीये. एंगेज येतोय. अहो... चपला कशाला घातल्यात?

आबा : घातल्या का? लक्षात नाही आलं.

आजी : काढा. बसा इथे. दहाची मुलं येतील आता शिकवणीला.

आबा : मुलांना आज घरी पाठव. आणि चपला राहू देत जरा. ती उभी आहे अजून.