अहो, बघा हो कोण आलंय

कुंदाताई: परवाच्या रांगोळीची ही रेघ पाहा, मंदाबाई, अजून पुसलेली नाही. पाकळीच्या बुडाशी जाड आहे आणि टोकाकडे जाता जाता बारीक होत गेली आहे. माझी रेघ सगळीकडे सारखी पडते. ही माझ्या हातची नाही.

मंदाबाई: पायाले पलस्तर, रातभर कण्हत होत्या, अन् सकाऊन उठून रांगोयी तपासून राह्यल्या! खुर्ची आत घ्या ताई, ऊन येते तोंडावर.

कुंदाताई: परवा तुम्हाला दारात रांगोळी दिसली होती. बरोबर?

मंदाबाई: दिसली म्हून तं केळझरच्या गणपतीले गेली. आपलं ठरलंच हाय ना, रांगोयी दिसली म्हंजे तुमी उठल्या, बऱ्या हाय. चतुर्थीचं दर्शन घेतलं, निवांत बसली तिथं. अन् तुमी इथं दिवसभर फरशीवर! संध्याकाई आली तं तुमच्या ओसरीवर दिवा नाई. मंग माह्या अंकुशले हाक मारली. खिडकीचे गज कापले तवा दार उघडलं.

कुंदाताई: तुमची काही चूक नाही. पण परवा सकाळी मी दार उघडलंच नव्हतं. आधी न्हाणीत गेले आणि तिथेच पाय घसरला. शिवाय मी सहा कोनांची आकृती काढते. तेवढी एकच मला येते. हे कमळ आहे.

मंदाबाई: माह्या डोयात मोतीबिंदू. मले काय कमळ अन् काय कोन, सारं पांढरंच. पण मंग काढली कोणं?

सुरभी: काकू, चहा. आलं टाकलं आहे, गरम आहे, सांभाळून.

कुंदाताई: ठेव इथे. सुरभी, तुमच्या अंगणातलं कमळही असंच असतं ना?

सुरभी: हो... मीच काढली. दार सुनं दिसलं. आमच्या माहेरी तळेगावले चतुर्थीच्या दिवशी शेजारचं दार सुनं ठेवत नाहीत. मी सडा टाकला, रांगोळी काढली. मला वाटलं, काकूंना बरं वाटेल.

मंदाबाई: अवं, एक डाव दार तं वाजवाचं पोरी! एकटं माणूस, सकाऊन दार उघडत नाई, अन् तू रांगोयी काढून चालली आली?

सुरभी: पण आई, एकट्या कुठे? काका आहेत ना आत.

मंदाबाई: कोणते काका?

सुरभी: प्रभाकरकाका.

मंदाबाई: बाप्पा!

कुंदाताई: थांबा, मंदाबाई. रागावू नका तिला. सुरभी, इथे बस. तुला कोणी सांगितलं काका आहेत म्हणून?

सुरभी: कोणी नाही सांगितलं. फाटकावर त्यांचं नाव आहे. आई पण म्हणतात, प्रभाकररावच्या घरी दूध देऊन ये. दारात त्यांच्या चपला असतात, पुसलेल्या. तुम्ही टिकली लावता.

कुंदाताई: टिकली मी कॉलेजात असल्यापासून लावते. ती त्यांच्यासाठी नव्हती.

सुरभी: आणि तुम्ही बोलता ना त्यांच्याशी. कुरिअरवाला आला की आतमध्ये आवाज देता, 'अहो, बघा हो कोण आलंय!'

मंदाबाई: ते मीच शिकवलं होतं व यायले. प्रभाकरराव गेले त्या साली. म्हटलं, कोणी परका आला तं घरात माणूस हाय असं दाखवाचं. चपला बी मीच ठेवाले लावल्या. आता चार वर्सं झाले त्यायले जाऊन.

सुरभी: आई, मला कोणीच नाही सांगितलं. लग्न होऊन महिना झाला, मी या घरात ओसरीच्या पुढे कधी आली नाही. मले वाटलं काका आजारी असतील, बाहेर निघत नसतील. नवीन माणसानं कसं विचारायचं?

कुंदाताई: परवा तुला काही आवाज आला होता का? मी तांब्याने दारावर ठोकत होते. सरपटत पुढच्या दारापर्यंत पोहोचले होते, पण कडी वर होती. हात पुरला नाही.

सुरभी: आला होता.

मंदाबाई: आला होता? अन् मंग?

सुरभी: मले वाटलं काका खिळा ठोकून राह्यले.

कुंदाताई: मी हाका मारत होते.

सुरभी: हो.

कुंदाताई: काय ऐकू आलं?

सुरभी: नका ना विचारू, काकू.

कुंदाताई: मला कळायला हवं. सांग.

सुरभी: 'अहो'. तुम्ही म्हणत होत्या, 'अहो... अहो, ऐका हो...' मी स्वयंपाकघरात होती. मनात म्हटलं, काकू काकांना बोलावत आहेत, काका ऐकत नसतील. मी हसली पण. अंकुशही असाच ऐकत नाही म्हणून.

मंदाबाई: रडू नको. तुह्या मनात काई नव्हतं.

कुंदाताई: मी रस्त्यावरच्या माणसांना हाक मारत होते. कोणीही असेल, म्हणून अहो. नाव कुणाचं घेणार?

मंदाबाई: चोराले दाखवाले माणूस ठेवला घरात, अन् शेजाऱ्यालेच खरा वाटला. आता काय म्हणाचं याले?

सुरभी: पण काकू, एक विचारू? कुरिअरवाला नसला तरी पण ऐकू येते. संध्याकाळी. 'अहो, चहा ठेवू का?' भिंतीला लागूनच माझी खोली आहे.

मंदाबाई: सुरभी.

कुंदाताई: विचारू द्या तिला. आधी मी फक्त दाराशी कोणी आलं तरच म्हणायचे. मग एकदा संध्याकाळी सहज तोंडातून गेलं. उत्तर येणार नाही हे मला माहीत असतं, सुरभी. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. पण आवाज भिंतीवर जाऊन परत येतो, तेवढ्यापुरतं घर भरल्यासारखं वाटतं.

मंदाबाई: मले हाक मारली असती तं मी नसती आली का चहाले?

कुंदाताई: तुम्ही आला असता. आणि मग घरी गेला असता.

मंदाबाई: हे मात्र खरं. नातवाची शाळा, गाईचं दूध. बरं, आचल आज संध्याकाईच्या गाडीनं येते ना? काय म्हणते?

कुंदाताई: घराला कुलूप लावून पुण्याला चल म्हणते. मला रात्री फोनवर म्हणाली, आई, आता तरी सांग, काय ठरवलंस?

मंदाबाई: अन् तुमी म्हटलं, पाहू.

कुंदाताई: हो.

मंदाबाई: चार वर्सं झाले, पाहूच सुरू हाय. पुण्याले येता का, पाहू. मी म्हटलं एक चावी माह्याकडे द्या, पाहू. दार इथं नालवाडीत अन् दुसरी चावी पोरीजवळ पुण्यात! परवा चावी असती तरी काय, ते वरची कडी लावून बसता तुमी. चोर तं आला नाई, पण आमी बी आत येऊ शकलो नाई.

कुंदाताई: तिसरी चावी आहे.

मंदाबाई: कुठं हाय?

कुंदाताई: आतल्या दारामागे, खुंटीवर. त्यांच्या सायकलच्या किल्लीबरोबर अडकवलेली. ती त्यांची आहे.

मंदाबाई: ताई, सायकल तं तुमी भंगारात देली.

कुंदाताई: सायकल दिली. किल्ल्या नाही दिल्या. ती चावी दुसऱ्या कुणाला दिली की मग... मग ते संध्याकाळी घरी येणार नाहीत, असं मीच म्हटल्यासारखं होईल. हसू नका.

मंदाबाई: कोण हसून राह्यलं.

(फाटकाबाहेर सिलिंडर टेकवल्याचा आवाज.)

कुंदाताई: अहो, बघा हो...

मंदाबाई: ताई.

कुंदाताई: हं. तोंडात बसलं आहे.

सुरभी: भाऊ, तिथंच ठेवा! काका आंघोळीले गेले, मी येते घ्याले!

मंदाबाई: आता तू बी सुरू झाली?

सुरभी: मग त्या माणसाले काऊन सांगाचं घरात कोण हाय अन् कोण नाई? ते आपल्याले माहीत पाहिजे. त्याले कशाले?

कुंदाताई: बरोबर बोलते आहे ती. सुरभी, सिलिंडर घेऊन आलीस की आत जा. खुंटीवरून ती चावी काढ.

सुरभी: सायकलची किल्ली वेगळी करू?

कुंदाताई: नको. दोन्ही राहू देत. तुझ्याकडेच ठेव. तुमच्या घरात नाही मंदाबाई, हिच्याजवळ. भिंतीपलीकडे ही आहे. आणि सुरभी, यापुढे माझ्या दारात रांगोळी काढायची नाही. दार सुनं दिसलं की सरळ आत यायचं.

सुरभी: हो, काकू.

मंदाबाई: अन् 'अहो' ऐकू आलं तं?

कुंदाताई: आता नाव घेऊन हाक मारीन. सुरभी म्हणीन.

सुरभी: संध्याकाळी चहाले पण मारा.

मंदाबाई: ताई, फोन वाजते तुमचा. आचलचाच असन.

कुंदाताई: द्या इकडे. हं, आचल... हो, दुखतं, पण कालच्यापेक्षा कमी... गाडी वेळेवर आहे ना?... ऐक जरा. तू ये, चार दिवस राहा, पण मी तुझ्याबरोबर येत नाही... नाही, पाहू नाही. ठरलं... अंकुश आज वरची कडी काढून देतो आहे. बाबांची चावी मी शेजारच्या सुरभीला दिली... हो, बाबांचीच... हो, आचल. मी इथे एकटी राहते. आणि एकटीच राहणार आहे.