पुढे जायची पाळी

आमचा वसंता आठवतो ना रे? घाटकोपरच्या आमच्या चाळीतला, फौजेत नाईक होता. श्रीलंकेत मारला गेला तो. महिन्याभराने त्याच्या तुकडीतला एक जवान त्याच्या घरी आला. मी तिथेच होतो. वसंताच्या बायकोसमोर मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी पुढे जायची पाळी माझी होती. नाईक म्हणाले, तुझं पोर लहान आहे, तू मागे थांब. आणि स्वतः गेले."

वहिनीला सहावा महिना होता. तिने एवढंच विचारलं, "माझं पत्र पोचलं होतं त्यांना?"

"होय की! बाप होणार म्हणून सगळ्यांना साखर वाटली त्यांनी."

वहिनी म्हणाली, "पोचलं नसेल, असंच धरून चालले होते मी."