माश्यांना कोण सांगणार?

(जर्मनीतल्या माळावरचं वेस्टरलो गाव. ऑगस्ट, माळ जांभळा फुललेला. घरामागे लाकडी आडोशाला मधमाश्या पाळायच्या पेंढ्याच्या करंड्या ओळीनं मांडलेल्या. म्हातारा हार्म पहाटे वारला. त्याची मुलं हिनरिक आणि गेशे, आणि शेजारचे लूडरकाका करंड्यांपाशी उभे.)

लूडरकाका : गाईंना सांगितलंत?

गेशे : दूध काढतानाच सांगितलं.

लूडरकाका : मग माश्या राहिल्या. ऊन उतरायच्या आत उरकायला हवं. हिनरिक, हो पुढं.

हिनरिक : काका, आत बाबा निजलेत तसेच, आणि तुम्हाला माश्या सुचतायत!

लूडरकाका : तुझा आजा गेला तेव्हा तुझ्या बापालाही आधी त्याच सुचल्या. एकेका करंडीवर टकटक करत म्हणाला, ‘मालक गेले, आता मी मालक.’ मी इथंच टोपी काढून उभा होतो. मालक माश्यांशी बोलत असताना डोक्यावर टोपी ठेवत नाहीत.

हिनरिक : आणि नाही सांगितलं तर?

लूडरकाका : मार्टेन्सच्यांनी नाही सांगितलं. फार शहाणे! आधी करंड्या ओस पडल्या, मग मेंढ्या विकल्या, मग दारावरची नावं कोरलेली तुळई सरपणात गेली. सात घरं होती या गावात. आता तीन चुली पेटतात.

हिनरिक : त्याला माश्या काय करणार? बटाट्याला भाव आला, लोकांनी माळ नांगरला.

लूडरकाका : माळ नांगरल्यावर फुलं कुठली आणि माश्या कुठल्या?

गेशे : आपलाही नांगरला जाणारच आहे. सांग ना काकांना.

हिनरिक : गिऱ्हाईक आलंय. घर, शेत, माळ, सगळं एकदम घेतो म्हणतोय.

लूडरकाका : बाप अजून पुरलासुद्धा नाही रे!

हिनरिक : तो ईस्टरपासून मागे लागलाय.

लूडरकाका : आणि गेशे कुठं जाईल?

हिनरिक : माझ्याकडे, ब्राउनश्वाइगला. एक खोली रिकामीच आहे.

गेशे : खिडकीत एक करंडी ठेवू देणारेय. केवढं मन!

हिनरिक : टोमणे पुरेत. वाटण्या करायच्या नाहीत, शेत एकट्या मुलाला द्यायचं, ही रीत काय मी काढली?

गेशे : तू काही काढलं नाहीस. तू नुसता निघून गेलास.

लूडरकाका : भांडा नंतर. हिनरिक, ‘मालक गेले, आता मी मालक.’ एवढंच म्हणायचंय.

हिनरिक : बरं बाबा. ही पहिली... आई गं! हातावर आल्या की!

गेशे : झटकू नकोस! हात सावकाश खाली घे. तुझी सवय नाही त्यांना.

हिनरिक : मालक गेले. आता...

लूडरकाका : हां, पुढं?

हिनरिक : नाही म्हणवत, काका.

लूडरकाका : अरे, दोन शब्द तर आहेत!

हिनरिक : तेच खोटे आहेत ना. आज मालक म्हणायचं आणि पुढच्या महिन्यात विकून मोकळं व्हायचं. बाबांना हे मुळीच खपलं नसतं.

गेशे : मग राहू दे. चल आत, लोक यायला लागतील.

हिनरिक : तू बोल.

गेशे : मी?

हिनरिक : मी हक्क सोडला की शेत तुझंच. त्या गिऱ्हाइकाला मी बघतो.

गेशे : उद्या सकाळी पस्तावशील.

हिनरिक : पस्तावेन कदाचित. म्हणून तर काकांच्या देखत बोलतोय.

लूडरकाका : पोरी, तुमच्या तुळईवर आजवर एकाही बाईचं नाव कोरलेलं नाही. हार्मला नसतं पटलं.

गेशे : नसतंच पटलं. ‘माश्या तुझ्या’ असं एकदाही तोंडातून निघालं नाही त्यांच्या. फार वाटायचं मला, एकदा तरी म्हणावं. रोज नुसतं विचारायचे, ‘गेशे, आज माश्या काय म्हणतायत?’

लूडरकाका : हं. माझ्या माश्यांचा थवा उडून गेला तेव्हा मलाही म्हणाला होता, ‘मला काय विचारतोस, गेशेला विचार.’

गेशे : सरक, हिनरिक. उन्हात उभा राहू नकोस त्यांच्या... बायांनो, बाबा गेले. पहाटे गेले, त्रास नाही झाला. आता मालकीण मी.

लूडरकाका : हिनरिक, टोपी काढ.