आळीतली सात नावं

काशीमावशीचं नाव यादीत का नाही, ते सांगते. ही आमच्या शेजारची मावशी म्युनिसिपालटीच्या मतदारयादीत नाव घालायला गेली, तेव्हा वाचायला मला घेऊन गेली. घरपट्टी भरणाऱ्याला मत असे, आणि पावती तिच्याच नावाची होती.

कारकून म्हणाले, "इथं राहता याला साक्ष हवी. यादीतला तुमच्या आळीचा कोणीही मतदार आणा."

"वाच गो बाय," मावशी म्हणाली.

मी हळू आवाजात यादीतली आमच्या आळीची नावं वाचू लागले. प्रत्येक नावाला मावशी सांगे, "तो मुंबईस, गिरणीत." "तो गोदीत."

सातवं, शेवटचं नाव तिच्या मुलाचं होतं. ती म्हणाली, "तोही."

"म्हणजे आळीत कोणी राहतच नाही?" कारकुनांनी विचारलं.

"राहतो की. आम्ही बाया."

कारकुनांनी यादी मिटली. त्या सातांची नावं राहिली. मावशीचं लागलं नाही.